झाकायचं नाही

४ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

फोन केला की तू म्हणतेस, "बरं आहे सगळं, ठेवते, दूध उतू जातंय." तुमच्याकडचं दूध इतकं उतू जातं, तर छोटी पिते तरी काय? म्हणून हे पत्र. वाचायचं नसलं तर कपाटावर टाक. आज नाही तर उद्या साफसफाई करताना तुझ्या हाताला लागेल आणि तू उभ्या उभ्या वाचशील. तुझी सवय मला माहीत आहे.

नोकरी लागल्याचं तुला कळलंच आहे. आता मला बाळंतिणींच्या वॉर्डात टाकलंय. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना खाटा, प्रत्येक खाटेला टेकून एक पाळणा. एक बाळ रडलं की बाकीची त्याला साथ देतात. एका बाजूच्या खिडक्यांतून धुलाईघराच्या दोऱ्या दिसतात आणि त्यांवर दिवसभर पांढऱ्या चादरी फडफडत असतात. फिनेल आणि दूध यांचा मिळून एक वास असतो, तो माझ्या केसांना बसलाय. आई म्हणते, तू घरात शिरलीस की बाळ आल्यासारखं वाटतं.

वॉर्डाच्या प्रमुख बाईंना सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. चष्मा गळ्यात, डोळ्यांवर कधीच नाही, आणि तरी सगळं दिसतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "या खोलीत सगळ्यात धोक्याची बाई कोणती?"

मी पुस्तकातलं सांगायला लागले. रक्तदाब असलेली, जुळी झालेली, ऑपरेशन झालेली.

"झालं तुझं? सगळ्यात धोक्याची बाई ती, जी म्हणते मला काही होत नाही, तुम्ही बसा सिस्टर."

मग त्यांनी मला एका खाटेशी नेलं, त्या बाईची परवानगी घेतली आणि माझा हात तिच्या पोटावर, बेंबीच्या जरा खाली ठेवला. बाळ बाहेर आलं की गर्भाशयाची पिशवी आवळून चेंडूसारखी कडक व्हायला हवी. ती आवळली की आतल्या रक्तवाहिन्यांची तोंडं बंद होतात. ती मळलेल्या पिठासारखी मऊ राहिली तर रक्त थांबत नाही. हे मी परीक्षेत चांगल्या अक्षरात लिहिलेलं होतं. पण हाताला तो चेंडू पहिल्यांदा लागला तेव्हा मला काय वाटलं, ते लिहिता येत नाही. एवढ्याशा कडकपणावर एक अख्खी बाई उभी असते.

आणि दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली. भिजलेलं कापड, पॅड, काहीही टाकायचं नाही. आधी बघायचं, मग वजनकाट्यावर ठेवायचं. किती गेलं हे कळल्याशिवाय बाई ठीक आहे असं तोंडातून काढायचं नाही.

ताई, मला तुझी आठवण आली. तुझ्या वेळी मी शाळेत होते. मला फक्त इतकंच कळलं होतं की तू वाचलीस आणि तुला आता दुसरं मूल होणार नाही. आता कळतं की त्या दिवशी तुझ्यापाशी धावलेल्या बायकांनी काय काय केलं असेल. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. मी रोज कामाला लागण्याआधी मनातल्या मनात त्यांना धन्यवाद देते. हसू नकोस. सासरी जाताना "हिला शिकवा, हिचं लग्न मध्ये आणू नका" असं बजावून जाणारी तू होतीस, त्यामुळे तुलाही देते.

आणखी एक. वहिनीचे दिवस भरत आलेत. तुला कळलं असेलच. नसेल कळलं तर आता कळलं.

तुझी,
मास्तरीण

१५ फेब्रुवारी, रविवार

ताई,

तुझा मेसेज मिळाला. एवढ्या मोठ्या पत्राला एक ओळ. "आईला वहिनीजवळ बसू देऊ नकोस."

मी "बघते" असं उत्तर पाठवलं. बघितलंही. आमच्या दवाखान्याचा नियम आहे की खाटेशी घरची एकच बाई थांबेल. मी थांबू शकत नाही, कारण त्या वेळी मी ड्यूटीवर असेन, आणि घरच्या माणसाची जबाबदारी घरच्या सिस्टरला देत नाहीत. वहिनीला आई नाही. मी शेजारच्या काकूंना विचारलं. त्या एका पायावर तयार झाल्या. इतपत मी तुझं ऐकलं.

मग वहिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "का? अहो आईंना बरं नाही का?"

"तसं नाही. तिची दगदग कशाला."

"त्यांनाच दगदग करू द्या. काकू बोलत बसतात हो. मी कळा सोसू की त्यांच्या जावयाच्या गोष्टी ऐकू? आणि तुम्ही तर नकोच. तुमचे हात बर्फासारखे असतात."

तिला खरं कारण सांगायचं म्हणजे तुझ्यात आणि आईत झालेलं सगळं तिच्यासमोर मांडायचं. ती या घरात आली तेव्हा तू यायची बंद झालेली होतीस. तिला वाटतं, तू लांब राहतेस म्हणून येत नाहीस.

मागाहून जे कळलं ते मी विसरलेले नाही. छोटी झाल्यावर तुझ्या खाटेशी आई होती. तुझी भिजलेली कापडं ती गुंडाळायची, न्हाणीघरात नेऊन धुवायची आणि तुला कोरडं घालायची. सिस्टर विचारायला आल्या की सांगायची, ठीक आहे सगळं. तू बेशुद्ध झालीस तेव्हा तुझं किती गेलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. मग पिशवी काढावी लागली. घरी सोडलं त्या दिवशी तू दादाचा हात धरून पायऱ्या उतरत होतीस आणि आई पुढे आली, तेव्हा तू म्हणालीस, "हिनं माझं रक्त धुऊन टाकलं." त्यानंतर तू आईशी बोलली नाहीस.

तरीही मी काकूंना नको म्हणून सांगून आले. वहिनीजवळ आईच बसणार. पण मी तिला आधी शिकवणार आहे. मोठ्या सिस्टरांनी मला जे शिकवलं ते सगळं, शब्द न् शब्द. वहिनीचं काही बरंवाईट झालं तर मी तुला तोंड दाखवणार नाही, आणि स्वतःलाही. हे मला कळतंय. झोप लागत नाही इतकं कळतंय.

रागावशील. रागाव. पण वाच.

तुझी,
मास्तरीण

१ मार्च, रविवार

ताई,

तू काहीच पाठवलं नाहीस. म्हणजे वाचतेयस, असं मी धरून चालते.

आज दुपारी जेवणं झाल्यावर आईचा वर्ग घेतला. तिच्या शिवणयंत्राखालची कापडं घेतली, बादलीत लाल रंग कालवला आणि मापाच्या भांड्यानं एकेक कापड भिजवलं. कुठल्या कापडात किती मावतं ते तिला दाखवत गेले. चादरीवर सांडलं तर किती पसरतं तेही दाखवलं. दादा मध्येच आत डोकावला आणि म्हणाला, "घरात खून झालाय का?" त्याला बाहेर काढलं.

मग उशीच्या खोळीत एकदा माझा जुना रबरी चेंडू घातला आणि एकदा मळलेल्या पिठाचा गोळा. "डोळे मीट आणि सांग." आई डोळे मिटून दोन्हीकडे हात फिरवत राहिली. तिनं एकदाही चूक केली नाही. शिवण करणाऱ्या बाईचे हात आहेत ते.

मी सांगितलं, प्रत्येक भिजलेलं कापड खाटेखालच्या टबात टाकायचं, वर काही घालायचं नाही, आणि सिस्टर आली की पहिल्यांदा टब दाखवायचा. कापड भराभर भिजायला लागलं, वहिनी घाबरी झाली, तहान तहान करायला लागली, अंग गार पडलं, तर सिस्टरची वाट बघायची नाही. ओरडायचं.

आई म्हणाली, "आणि माणसं आली तर?"

"कुठली माणसं?"

"भेटायला येतात ती. पुरुषमाणसं."

"तरी झाकायचं नाही."

ती बराच वेळ रंगानं लाल झालेली बोटं पदराला पुसत बसली. नवा पदर होता. मग तिनं तुझ्या त्या दिवसातली एक गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर तुझी शपथ घातली की ताईला कधी सांगायचं नाही. म्हणून सांगत नाही. तूही विचारू नकोस, मला खोटं बोलता येत नाही.

माझ्या बाजूनं एवढं लिहिते. कापडं धुवायची नसतात हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी मुलीला कोरडं ठेवणं म्हणजेच मुलीला जपणं. ती जपत होती, ताई. त्या जपण्यानंच तुझं नुकसान झालं, हेही खरं. मला दोन्ही एकाच वेळी धरून ठेवता येत नाहीत, पण एकही सोडवत नाही.

मी मोठ्या सिस्टरांना म्हटलं, खाटेशी बसणाऱ्या प्रत्येक बाईला आपण हे शिकवायला हवं, अगदी पहिल्या तासात. त्या म्हणाल्या, "जग सुधारण्याआधी चार नंबरची चादर बदल." दुसऱ्या दिवशी आले तर प्रत्येक खाटेखाली एक टब होता आणि त्या एका आजीबाईंचा हात धरून सुनेच्या पोटावर ठेवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय बघतेस? पुढच्या खाटेला तू शिकव."

तुझी,
मास्तरीण

१२ मार्च, गुरुवार

ताई,

आधी हे वाच: वहिनी ठीक आहे. मुलगा झाला, तोही ठीक आहे. आता बाकीचं बसून वाच.

मंगळवारी सकाळी वहिनी बाळंत झाली. सगळं सरळ झालं. बाळ दादासारखं दिसतं, पण मोठेपणी सुधारेल. दुपारी तिला वॉर्डात आणलं. मला त्या दिवशी मुद्दाम शेजारच्या वॉर्डात टाकलं होतं. मध्ये फक्त एक झुलतं दार.

भेटायची वेळ झाली तशी माणसं आत आली. दादा आला, त्याच्यामागून वहिनीचे वडील. पुढचं मला त्या खोलीतल्या बायकांनी सांगितलं. वहिनीनं त्यांना दारातून येताना पाहिलं आणि आईला हळूच म्हणाली, "अहो आई, खालचा टब तेवढा झाका ना. बाबा येतायत."

आई उठली. टबाकडे वाकली. तिनं आत बघितलं. मग वहिनीच्या पोटावर हात ठेवला.

"झाकायचं नाही," ती म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून इतक्या मोठ्यानं "सिस्टर" म्हणून हाक मारली की माझ्या वॉर्डातल्या बायकाही उठून बसल्या. आपल्या आईचा आवाज एवढा आहे हे मला माहीत नव्हतं. तुला होतं का?

"सिस्टर, मऊ लागतंय. आणि हे बघा, हे सगळं आत्ताचं आहे."

वहिनीचे वडील खाटेच्या पायाशी उभे होते. आईनं त्यांच्यासमोर टब ओढून बाहेर काढला. ते पटकन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दादानं पडदा ओढला.

मी पोचले तेव्हा खाटेभोवती गर्दी होती. एक सिस्टर वहिनीचं पोट चोळत होती, गोल गोल, जोर लावून. दुसरी सलाइनसाठी शीर शोधत होती. मोठ्या सिस्टरांनी पिशवी आवळण्याचं इंजेक्शन भरलं आणि मूत्राशय मोकळं करायला नळी घातली, कारण ते भरलेलं असलं की पिशवीला आवळू देत नाही. त्यांचा चष्मा डोळ्यांवर होता. तो मी पहिल्यांदा तिथं पाहिला. डॉक्टरीणबाई धावत आल्या. वहिनीचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा झाला होता आणि ती पाणी मागत होती. तेवढ्यात म्हणालीही, "मला काही होत नाही हो."

मी हातमोजे चढवायला लागले. मोठ्या सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू इथं नणंद आहेस. डोक्याशी उभी राहा आणि बोलत राहा तिच्याशी. ती उत्तर द्यायची थांबली की मला सांग."

मी चार वर्षं शिकले, ताई, आणि त्या वेळी माझ्या वाट्याला बडबड आली. मी बोलत राहिले. दादा घाईघाईत दोन वेगवेगळ्या चपला घालून आलाय, एक तुमची आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, "कुठली?" मी म्हटलं, "निळी." ती म्हणाली, "तुटली तर नवी घ्यायला लावा." माझे बर्फासारखे हात तिच्या गालांना लागत होते आणि या वेळी तिनं तक्रार केली नाही, कारण तिचे गाल माझ्या हातांहून गार होते. त्याची मला फार भीती वाटली.

आई पडद्याच्या आत भिंतीला पाठ लावून उभी होती. कुणी तिला बाहेर जा म्हटलं नाही. तिनं टबाची कड धरून ठेवली होती आणि सिस्टर मागेल ते एकेक कापड पुढे करत होती, वजनाला.

रक्त चढवलं. ऑपरेशनची तयारी ठेवली होती, ती लागली नाही. कधीतरी मोठ्या सिस्टरांनी हात थांबवला, परत दाबून पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "बघा हो, लागतोय का तुमचा चेंडू."

आईनं हात ठेवला. मान हलवली. मग ती खाली बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. बाळ तिच्या मांडीत दिलं तेव्हाही बसल्या बसल्याच घेतलं.

डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या की हे लवकर हाती लागलं म्हणून इंजेक्शनानं भागलं.

जाताना वहिनीचे वडील आईसमोर हात जोडून उभे राहिले. आई म्हणाली, "चहा घेतलात का?"

रक्ताच्या पिशवीवर नुसता आकडा होता. देणारं माणूस कोण, त्याला काय ठाऊक की त्याचं रक्त आमच्या घरात आलंय. मी त्या आकड्याला नमस्कार केला. कुणी बघितलं नाही. मला सगळ्यांचे आभार मानायचे आहेत आणि कुणाला शोधून मानू ते कळत नाही. त्यामुळे सगळे तुझ्याकडे पाठवतेय.

हे पत्र आईच्या बाजूनं वकिली करायला लिहिलेलं नाही. झालं ते तुला पहिल्यांदा कळावं असं वाटलं. तुझ्याइतकं या घरात ते कुणालाच कळणार नाही.

तुझी,
मास्तरीण

२० मार्च, शुक्रवार

ताई,

काल तू माझ्या फोनवर फोन केलास आणि माझं "हॅलो" पुरं होण्याआधी म्हणालीस, "आईला दे." मी दिला. आता तुला फोनमधून जे दिसलं नाही ते लिहिते.

आई बाळाचे कपडे वाळत घालत होती. "कोण?" म्हणाली. मी सांगितलं. तिनं ओले हात अंगभर पुसले, केस सारखे केले आणि मग फोन घेतला. दोन्ही हातांनी. मी तिथून जायला हवं होतं, पण गेले नाही. दाराला टेकून उभी राहिले.

ती म्हणाली, "हं." परत म्हणाली, "हं." मग म्हणाली, "जेवलीस?" मग बराच वेळ ती फक्त ऐकत होती. आणि मग:

"नाही गं. तसं काही म्हणाली नव्हतीस तू. ग्लानीत होतीस. तुला कुठलं आठवतंय? मी माझ्याच मनानं केलं ते."

ताई, तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. पण कळलं. आईनं माझ्याकडून शपथ घेतली ती याच गोष्टीसाठी. तुझे सासरे भेटायला येत होते आणि तू म्हणाली होतीस, "आई, हे काढ इथून, त्यांना दिसेल." आता तू स्वतःच तिला ते सांगितलंस, म्हणजे माझी शपथ सुटली.

मला वाटत होतं तुला आठवत नसेल. तुला पहिल्यापासून आठवत होतं. एवढी वर्षं ते एकटीनं सांभाळत बसलीस, आणि इकडे तुला कळू नये म्हणून आई तेच सांभाळत बसली. तुम्हा दोघींना काय म्हणावं.

तू तेव्हा माझ्या आजच्या वयाहून लहान होतीस. पहिलटकरीण. सासऱ्यांसमोर लाज वाटली. वहिनीलाही वाटली, त्याच शब्दांत वाटली. माझ्या वॉर्डात रोज कुणाला ना कुणाला वाटते. त्यात तुझा दोष काढायला बसलेलं माणूस मला भेटलं तर मी त्याला चार नंबरची चादर बदलायला लावीन.

आई खोटं बोलली, आणि इतक्या सफाईनं की क्षणभर मलाच शंका आली. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आई, तिनं कबूल केलं तरी तू नाहीच म्हणालीस?"

ती उरलेले कपडे झटकत म्हणाली, "मग काय हो म्हणू? लेकरू आहे माझं ते." मग थोड्या वेळानं, "तिचा आवाज घोगरा येत होता. सर्दी झालीय. गरम पाणी पी म्हणावं."

"तू सांगायचंस की."

"मला बोलायला कुठं सुचलं? जेवलीस का, एवढंच विचारलं." मग तिनं मला विचारलं, "मी लावला तर ती उचलेल?"

मी म्हटलं, लावून बघ. पण तिला माझ्या फोनवरून लावायचा नाही आणि दादाच्याही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून लावणार आहे, स्वतःच्या बोटांनी. कालपासून तुझा नंबर पाठ करतेय. बाळाला मांडीवर घेऊन त्याच चालीवर त्याला झोपवते. वहिनी म्हणते, पोरगं मोठं झालं की पहिल्यांदा आत्याचा नंबर बोलेल.

तर येत्या नाही, पुढच्या रविवारी, जेवणं आटोपल्यावर, आईचा फोन येईल. मधले दोन आकडे ती अजून उलटे म्हणते. आधी भलत्याच कुणाला लागेल, त्यांची ती विचारपूस करेल, मग परत लावेल. उशीर झाला तर दूध गॅसवर ठेवू नकोस. थांब थोडी.

तुझी,
मास्तरीण